हॅलो, यार्ड बोलतंय

आमच्या सुनेला माझी बायको सायबीण म्हणायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सुनेनं भाकरी थापायला घेतली, ती परातीतच मोडली. पोरगी हात झटकून म्हणाली, "आत्याबाई, ह्याच्यापेक्षा ऑफिसचं काम सोपं." बायको ओट्याला टेकून हसत सुटली. राहू दे सायबीण, तू ऑफिसच बघ, म्हणाली. तेव्हापासून तेच नाव. सायबीण, डबा घेतलास का. सायबीण, पंखा बंद कर. शेजारणींना वाटायचं सासू टोमणे मारते. तसं नव्हतं. तिला खरंच वाटायचं की ही एक दिवस ऑफिसर होणार.

बायको गेली त्याला आता दीड वर्ष होईल. लोक म्हणतात सवय होते. होत नाही. सकाळी दुधाची पिशवी मी आत घेतो आणि अजून मागं वळून सांगायला जातो की आज पिशवी गळकी आली. ऐकायला कोणी नसतं. सायबीण हा शब्दही तसाच तोंडात अडकून राहिला. ती गेल्यावर घरात तो कोणी उच्चारला नाही.

मी साताऱ्याकडचा, शाळा चौथीपर्यंत. नवी मुंबईत पावणे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ड्रम भरण्यात जन्म गेला, आता कामोठ्याला मुलाकडं असतो. मुलगा पाळ्यांवर. सून बेलापूरच्या एका कंपनीत. परदेशी जाणाऱ्या कंटेनरचे कागद तयार करायचं तिचं काम. काचेच्या बिल्डिंगमध्ये वर कुठंतरी ऑफिस. ऑफिसरच्या जागेसाठी तिचा नंबर जवळ आला होता, आणि तेवढ्यात कंपनीनं ऑफिस हलवायचं काढलं. साहेब लोक अंधेरीला जाणार आणि कागदवाले सगळे जासईला, कंटेनर यार्डात.

लांब पडतंय म्हणून ती कुरकुरली नाही. कंपनी बस देणार होती. खरं दुखणं नंतर कळलं. हलायच्या आधीच नवीन ओळखपत्र आलं त्यावर छापलेलं, यार्ड स्टाफ. पगार तोच, काम तेच. पण यार्ड स्टाफमधून ऑफिसर कधी करतच नाहीत. ऑफिसर व्हायचे ते ऑफिसवाले, आणि ऑफिस आता अंधेरीला. म्हणजे जागा हलणार आणि हिची वर जायची वाट बंद होणार. साहेब तोंडानं सांगत राहिले की काही बदललेलं नाही.

मी म्हटलं, गेटमीटिंग घ्या. आमच्या कारखान्यात युनियनचा माणूस पाळी सुटायच्या वेळी गेटवर स्टुलावर उभा राहायचा. बाहेर पडणारा प्रत्येकजण ऐकूनच घरी जायचा. सून म्हणाली, "मामंजी, आमच्याकडं गेट नाही, लॉबी आहे." मी म्हटलं, दार तर आहे ना. अजून ऑफिस बेलापूरलाच होतं तेव्हा. घरातलं स्टूल घेऊन मी गेलो.

काय सांगू, त्या एका दारातून जगातल्या सगळ्या कंपन्यांची माणसं बाहेर पडत होती. मी चढलो स्टुलावर आणि एक घोषणा दिली. एक पोरगं थांबलं आणि विचारतं, काका, कसला क्लास आहे? दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो काढला. वॉचमन चांगला माणूस होता, त्यानं मला हाताला धरून उतरवलं आणि स्टूल स्वतः उचलून फुटपाथवर नेऊन ठेवलं. ज्यांच्यासाठी गेलो ते सुनेच्या ऑफिसातले, सून सोडून सगळे, मागच्या दारानं कधीच स्टेशनला पोचले होते. येताना बसमध्ये सून हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीपण हसलो. बायको गेल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो ते त्या स्टुलापायी, म्हणून ते स्टूल मी टाकून देऊ देत नाही.

पुढं ऑफिस हललं. जासईच्या यार्डात आधीपासून युनियन होती, क्रेनवाले, काट्यावरचे, गोदामवाले यांची. आमची सून आणि तिच्याबरोबरचे त्यांच्याकडं गेले. सेक्रेटरी एक बाई. जासईचीच, आगरी. भरलेल्या गाड्यांचं वजन करायचा जो काटा असतो त्यावर बसणारी. एका रविवारी ती आमच्या घरी आली, कागदात बांधून जवळ्याची सुकट घेऊन. मला म्हणाली, बाबा, हे वाळवलेलं घरचं हाय, बाजारचं नाय.

सुनेनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ताई, आमचं एवढंच म्हणणं आहे की ते नाव काढा. आम्ही यार्ड नाही, आम्ही ऑफिसचे आहोत."

बाईनं कप खाली ठेवला.

"मंग मी कोन?" ती म्हणाली. "काट्यावर बसून माझं केस पांढरं झालं. मना कवा कोनी विचारला का, ऑफिसर व्हायचा हाय का? तुमाला ता नाव आता लागला त तुमाला लाज वाटली. आमचा त तोच नाव हाय."

सून लाल झाली. मला गप्प बसवत नाही, मी मध्येच म्हटलं, तिला तसं म्हणायचं नव्हतं. बाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, तुमी जवल्याचा बघा." मी जवळा घेऊन आत गेलो. ओट्यापाशी उभा राहून ऐकत होतो, खोटं कशाला बोलू. बाहेर खुर्ची सरकली. मला वाटलं, गेली आता ही बाई उठून.

मग सुनेचा आवाज आला. "ताई, चुकलं माझं. नाव राहू दे. यार्डातनं ऑफिसर होता आलं पाहिजे, हे मागू. तुम्हाला पण, आम्हाला पण."

बाई हसल्याचं ऐकू आलं. "आता बोललीस. यार्ड म्हनतान ना आपल्याला? मंग फोनवर पन यार्डच बोलाचा."

हा तिचा डाव. काम एक मिनिट बंद ठेवायचं नाही, फक्त कोणाचाही फोन आला की म्हणायचं, हॅलो, यार्ड बोलतंय. आधी कंपनीचं नाव आणि गोड नमस्कार असायचा. जाता-येता बसमध्ये तेच ठरायचं, तेच घोकायचं. स्टुलाचं काम बसनं केलं. तिथं सगळे आपलेच, आणि मागचं दार नाही. सुनेला तर एवढी सवय लागली की तिच्या आईचा फोन आला तरी म्हणाली, हॅलो, यार्ड. विहीणबाईंनी रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला.

माल पाठवणाऱ्या पार्ट्या गोंधळल्या. त्यांनी अंधेरीला फोन लावले, तुमचं ऑफिस बंद पडलं काय, आमचे कागद आता यार्डातले हमाल करतात काय. साहेब गाडी काढून जासईला आले. कोणी शिकवलं हे, विचारायला लागले. प्रत्येकानं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. साहेब, तुम्हीच छापलंय.

त्यानंतर काट्यावरची बाई आणि साहेब कॅन्टीनमध्ये बरेचदा बसले. एका बैठकीत झालं नाही, दोनदा तर बाई उठून आली. पण झालं. ऑफिसरची मुलाखत जासईलाही होणार, आणि टेबलवाला असो की काट्यावरचा, बसायचं त्यानं बसावं. जागा दोन होत्या. गोदामातला एक मुलगा लागला आणि आमची सून लागली.

बाई स्वतः मुलाखतीला बसलीच नाही. ऑफिसर झालं की युनियनमध्ये राहता येत नाही, असा तिथला नियम. तिनं सुनेला सांगितलं, "आता तू त्यांच्यान गेलीस. उद्या वाकडा वागलीस त तुझ्या केबिनसमोर मी उभी ऱ्हाईन. बाबांचा स्टूल मागून आनीन." मी स्टूल झाडून ठेवलंय.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी टीव्हीपुढं बसलो होतो. दार उघडलं तर सून उंबऱ्यात उभी, बॅग खांद्यालाच. झालं मामंजी, एवढंच म्हणाली. आणि माझ्या पाठीमागं ओट्याकडं बघायला लागली. मीपण रोज सकाळी दुधाची पिशवी घेतली की तिकडंच बघतो. तिथं कोणी नव्हतं. म्हणजे आता मलाच म्हणावं लागणार होतं.

मी म्हटलं, "सायबीण, चप्पल काढ आणि आत ये."

तिनं चप्पल काढली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "सायबीण असेन तर आज भाकरी तुम्ही करायची."

केली. पहिली परातीतच मोडली, दुसरी तव्यावर. जवळा तिनं केला. मुलगा पाळीवरून आला, विचारतो, हे काय आहे? सून म्हणाली, भाकरी आहे, गप खा. तिघांनी तुकडे वेचून खाल्लं. चांगलं लागलं.