बारा ते चारमधलं भांडुप

नलूताई केळुसकर गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. एकतीस वर्षं त्या लोकलच्या तिकीट खिडकीवर होत्या, आधी ग्रँट रोडला, मग चर्नी रोडला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी चाळीत कुणाला कुठे जायचं असलं की पहिली थाप त्यांच्याच दारावर पडायची. गाडी दादरला बदलायची की परळला, पास कुठल्या मार्गाचा काढायचा, हे त्या भाजी चिरता चिरता सांगायच्या.

करोनाच्या टाळेबंदीनंतर फेब्रुवारी २०२१मध्ये लोकल पुन्हा सगळ्यांसाठी सुरू झाली, पण वेळा बांधून. सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. त्याच आठवड्यात तळमजल्यावरचे दत्ताराम परब जिना चढून वर आले. आयुष्यभर शिवणकाम करून त्यांचे डोळे अधू झाले होते. त्यांची थोरली बहीण कौसल्या भांडुपला असते. अकरा महिने दोघांची भेट नव्हती, आणि तिला कमी ऐकू येऊ लागल्यापासून फोनवरचं बोलणंही खुंटलं होतं.

"बाराच्या गाडीनं जाईन," दत्ताराम म्हणाले. "पण येताना दादरच्या पुलावर असतानाच चार वाजले, तर? माका धरतीत?"

नलूताईंचा भाजी चिरणारा हात थांबला. पश्चिमेवरून मध्य रेल्वेवर जायला तिकीट एकच, दादरला फक्त गाडी बदलायची, एवढं पक्कं होतं. पण चारचा नियम चढताना बघायचा की उतरताना?

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चर्नी रोडला गेल्या. काचेपलीकडे नवा मुलगा होता. तो त्यांना ओळखत नव्हता, आणि त्यांनीही ओळख दिली नाही.

"आजी, चारनंतर तिकीट देत नाही," तो म्हणाला. "आधीच गाडीत बसलेल्याला मधे कोण उतरवणार? पण अगदी टोकाला जाऊ नका. तीनलाच निघा."

नलूताईंनी वेळा कागदावर ठळक अक्षरांत लिहिल्या आणि दत्तारामांकडे नेल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग घडी घालून खिशात ठेवला. ते पाहून नलूताई म्हणाल्या, "मीच येते तुमच्याबरोबर."

शनिवारी परतीची दोन तिकिटं काढून दोघं बारा-दहाला निघाले. डब्यात मोजून सातजण होते. दादरचा पूल दत्तारामांनी कठडा धरून पार केला. सव्वा वाजता ते भांडुपला कौसल्याआक्कांच्या दारात होते.

आक्कांनी भावाला आधी ओळखलंच नाही. त्यानं तोंडावरचा मास्क खाली केला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला, तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. ऐकू येत नसल्यामुळे बोलत त्याच होत्या. गावचं घर, फणस, कुणाचं लग्न मोडलं, कोण गेलं. दत्ताराम नुसते मान हलवत होते.

पावणेतीनला नलूताईंनी घड्याळ दाखवलं. दत्ताराम उठले.

"आत्ताच इलस आणि आत्ताच चललस?" आक्का म्हणाल्या.

दत्ताराम चप्पल शोधत राहिले; ती त्यांच्या पायाशीच होती.

नलूताई पुन्हा खाली बसल्या. "परब, परतीचं तिकीट उद्याही चालतं. आज राहू या. सकाळी सातच्या आत गाडीत बसलं की झालं."

"चालतं? नक्की?"

"हे मला नक्की माहीत आहे."

आक्कांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. दत्तारामांनी चप्पल भिंतीकडे सरकवली, तेव्हा त्यांना समजलं, आणि त्या तांदूळ धुवायला उठल्या.

सकाळी पाच-पन्नासच्या गाडीनं दोघं परतले. दादरच्या पुलावर दत्ताराम पुढे आणि नलूताई मागे. फलाट कुठला, हे नलूताईंनी मुद्दामच सांगितलं नाही. दत्तारामांनी एका पोलिसाला विचारलं आणि बरोबर जिना उतरले.

एप्रिलमध्ये सामान्यांसाठी लोकल परत बंद झाली. तोवर दत्ताराम पाचदा भांडुपला जाऊन आले होते, त्यातल्या चार वेळा एकटे.