दिवे लागल्यावर हरवलेली मुलगी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण त्या संध्याकाळची भीती अजून अंगातून गेलेली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. थंडीचे दिवस. अंधार पडता पडता एक शेतकरी सायकलवर आला. त्याच्या गावातल्या मजुराची सातवीतली मुलगी घरी परतली नव्हती आणि तिचं दप्तर संत्र्याच्या बगीच्यात, विहिरीच्या काठावर सापडलं होतं. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की सहामाहीत तीन विषयांत नापास झाली म्हणून दुपारी बापाने तिला शाळेसमोरच मारलं होतं.

गुमशुदगीची, म्हणजे मुलगी हरवल्याची, नोंद करून दोन शिपायांसह निघालो. विहिरीत गळ टाकणं सुरू होतं. दोर वर आला, की दर वेळी मी आधी टॉर्च गळावर धरायचो. माझी मुलगीही तेव्हा सातवीतच होती.

बापाला बाजूला घेतलं. पोरीला शेवटचं कुठे पाहिलं, विचारलं. तो नुसता थरथरत होता. मला ती गुन्हेगाराची थरथर वाटली. मी त्याच्या कानाखाली वाजवली.

मग आईकडे वळलो. पाचवीच्या बोर्डाच्या परीक्षेत ती शाळेतून पहिली आली होती, हे शेतकऱ्याने वाटेत सांगितलं होतं. अशी मुलगी एकाएकी नापास कशी झाली, एवढंच विचारलं. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

"साहेब, दिवे लागले का तिले दिसत नाही," ती म्हणाली. "शाळा सुटली का आमच्यासंग कापूस वेचते. घरी येऊन पुस्तक उघडते, त अक्षर दिसत नाही. कोणाले सांगतलं नाही. आंधळी म्हणतील."

अंधाराने जिथे गाठलं असेल, तिथेच ती अडकली असणार. आणि आमच्या आरडाओरड्याने आणखी घाबरली असणार. मी सगळ्यांना गप्प केलं, आईला हाक मारायला सांगितलं. तिसऱ्या हाकेला झाडांतून हुंदका आला.

टॉर्च टाकला. बुंध्याला मिठी मारून ती बसली होती. पावलांपासून हातभर अंतरावर कठडा नसलेली दुसरी, पडीक विहीर. आईचा आवाज ऐकून ती उठू लागली.

"उठू नको, माय. बसल्या जागी राय. मी येऊन राहिली."

आईने तिला कवेत घेईपर्यंत मी टॉर्च विहिरीच्या तोंडावरून हलवला नाही. माराच्या भीतीने ती घरी गेली नव्हती, आणि आमचे आवाज ऐकून तिला वाटलं, नापास झाली म्हणून पोलीस धरायला आले.

बापाने मला हात जोडले. मी त्याची माफी मागितली नाही. याची आज लाज वाटते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला, अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा. जेवणात भाकर आणि मिरची, दूध-भाजी सणासुदीला. औषधाने नजर सुधारली. वार्षिक परीक्षेत ती पास झाली, पहिला नंबर मात्र पुन्हा आला नाही. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला तिला कापसातून सवड कुठे होती?

मास्तरांनी तिला आळशी ठरवलं होतं, मी तिच्या बापाला खुनी. त्यानंतर घरातून पळालेलं किंवा चोरीत सापडलेलं कुठलंही मूल समोर आलं, की मी आधी विचारायचो, काल काय जेवलास? पुष्कळ मुलांना उत्तर द्यायला वेळ लागायचा.