न तोडलेली पट्टी

बासष्टच्या मार्चमध्ये माझी पोस्टिंग अकोल्याला होती. फौजेच्या रजयांसाठी घेतलेली रुई तपासून पास करायची, एवढंच काम. मी हवालदार. हाताखाली नायक देविदास वानखडे, दर्यापूरकडचा.

नियम साधा होता. प्रत्येक लॉटमधली एक गाठ निवडायची, तिच्या लोखंडी पट्ट्या तोडायच्या आणि मधली रुई हातात घेऊन पाहायची. वजन वाढावं म्हणून काही जिनिंगवाले रुईवर पाणी मारून गाठ दाबत. ती वरून कोरडी लागे, आतून कुजत असे. तोडलेली गाठ मात्र दाबून बांधायला पुन्हा प्रेसला न्यावी लागे आणि दिवस जाई.

त्या दिवशी वॅगन सायडिंगला उभी होती. लॉट दर्यापूरचा होता. त्या जिनिंगचा माल कधी परत गेला नव्हता. मी गाठींच्या बगलेतून चिमूटभर रुई ओढून पाहिली.

"हवालदारसाहेब, बगलेतून काऊन पाहून राहिले? मधातून पाहा ना," देविदास म्हणाला.

"तुझ्याच गावाकडचा माल आहे. भरवसा नाही का?"

"गावाकडचा हाय म्हणूनच म्हणतो."

दोघंही हसलो. मी पासचा शिक्का मारला.

शिवण कारखान्यात गाठी फोडल्या तेव्हा मधली रुई पिवळट, गुठळ्यांची निघाली. शिक्का होता म्हणून तीच भरली, असं तिथल्या फोरमनने मला पुढे सांगितलं. डेपोने कारखान्याचं सील पाहिलं, पुढच्या डेपोने या डेपोचं. सगळ्यांनी सील तपासलं. रजई कोणी उलगडली नाही.

हिवाळ्यात आम्ही दोघंही पहाडात होतो. मी खालच्या सप्लाय पॉइंटवर, देविदास वरच्या पोस्टवर. बर्फाने रस्ता बंद झाला. एका सकाळी वायरलेसवर त्याचा आवाज आला.

"रजयांतली रुई कोपऱ्यात गोळा झाली. दुसऱ्या पाठवा. ओव्हर."

"रस्ता बंद आहे. होल्ड करा. ओव्हर."

खरखरीतून पुन्हा त्याचा आवाज आला.

"हवालदारसाहेब, अकोल्याचाच लॉट हाय हा. म्या वळखला. आउट."

रस्ता उघडल्यावर पहिल्या पार्टीबरोबर मी वर गेलो. देविदास गेला होता. चौकशीत थंडीचं कारण लिहिलं गेलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. त्याच्या आईला मी सांगितलं, गोळी लागली. गावाने त्याच्या स्मारकाच्या दगडावर तेच कोरलं.

त्यानंतर नोकरीभर, माल ज्या ज्या ठिकाणी उतरला तिथे एक नग मी स्वतः उघडून पाहिला. मागे कोणाचाही शिक्का असो. सोबतचे मला संशयी म्हणत.

पुढे त्याची आई गेली. यंदा त्या दगडापाशी मी त्याच्या धाकट्या भावाला, गौतमला, सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"आईले नाही सांगितलं, ते एक बरं केलं. पण मले सांगाले इतकी वर्सं काऊन लावली?"

मग त्याने विचारलं, दादा सापडला तेव्हा कसा होता.

बंकरच्या भिंतीला टेकून बसलेला होता. अंगावर फक्त कोट. शेजारी तापाने फणफणलेला एक जवान झोपला होता. त्याच्यावर दोन रजया होत्या, एकीची गुठळी जिथे होती तिथे दुसरीची रिकामी जागा येईल अशा बेताने घातलेल्या. तो जवान वाचला.