सात साखरांचं कडं

सत्यशीला जालन्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. परतूरच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली एम.एस्सी. वडील तातेराव जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे.

१९७४ साली पुण्यात एका व्याख्यानात तिनं ऐकलं, की एक जिवाणू स्टार्चची साखळी तोडतो आणि तिचे तुकडे गोल जोडतो. ग्लुकोजच्या सात रेणूंचं कडं तयार होतं. त्याच्या पोकळीत वासाचे किंवा औषधाचे रेणू जाऊन बसतात. व्याख्यात्यांनी हे बटाट्याच्या स्टार्चपासून केलं होतं. तिला वाटलं, ज्वारीपासून का नाही?

पुण्याहून तिनं जिवाणू मागवला. दोनदा प्रयोग फसला, कारण वीज गेली की उबेची पेटी थंड पडायची. त्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मग जिवाणूनं सोडलेला, साखळी तोडणारा रस आणि ज्वारीचा स्टार्च बाटलीत भरून, गोधडीत गुंडाळून ती रेल्वेनं परतूरला आली.

"दूध हाय का, बाई?" डब्यातल्या म्हातारीनं विचारलं.

"न्हाई, ज्वारीची पेज हाय."

घरावर पत्रे होते. उन्हानं खोली भट्टीसारखी तापायची. बाटलीला पाहिजे तेवढी ऊब आयती मिळाली. ऊन चढलं की आई गिरिजाबाई बाटलीवर ओलं पोतं टाकायची.

"बूच काढू नको, अन् चुलीपाशी बिलकुल नेऊ नको," सत्यशीलानं बजावलं. बाटलीत कडी खाली बसवायला टोल्युइन हे झटकन पेट घेणारं रसायन घातलं होतं.

"सातच का गं? सहाचं कडं होत न्हाई का?" लेकीनं कड्याचं समजावल्यावर आईनं विचारलं.

"होतं, आठाचंबी होतं. पण सातवालं पाण्यात कमी विरघळतं. म्हणून तेच आधी तळाला बसतं."

काही दिवसांनी तळाला पांढरा साका दिसला. कॉलेज उघडल्यावर तिनं तो शुद्ध केला, त्यात पुदिन्याचं तेल मुरवलं आणि कोरडी पूड घरी आणली. आईनं हुंगली.

"कशाचाच वास न्हाई."

सत्यशीलानं वरून कोमट पाणी टाकलं. गिरिजाबाई दचकून मागं सरकली. "अगं, पुदिना!"

तातेराव हसले. लेकीच्या कामातलं त्यांना पहिल्यांदाच काही कळलं होतं.

पुण्यात तपासल्यावर सातचीच कडी निघाली, पण उत्पादन फार थोडं होतं. कारखान्यांनी विचारलं नाही. सत्यशीलानं त्याच विषयावर पुढं पाच वर्षं काम केलं आणि १९७९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या दिवशी तातेरावांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले. कशाबद्दल, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "लेक डॉक्टर झाली. सुई टोचायची न्हाई, ज्वारीची."