नवसाला बूट चालत नाहीत

गेल्या आठवड्यात एका वाचक मुलीने विचारलं, "ताई, कळसूबाईला सासूबाईंना घेऊन जाता येईल का?" एका ओळीत उत्तर द्यायला बसले आणि ते जमेना. कारण मी गेलेय. सासूबाईंना घेऊन, स्टोव्ह घेऊन, पातेलं घेऊन आणि न बोलावता आलेली शेजारीण घेऊन. त्र्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पुण्यात कुणाला विचारलं, "रविवारी कुठे?" की माणूस गडाचं नाव सांगतो. नाशकात विचारलं की मेनू सांगतो. गंगापूर धरणाला भरीत-भाकरी, सोमेश्वरला शेव-चिवडा, कुणाच्या तरी मळ्यात मटण. मुंबईकर डोंगराला येताना दोर आणतो, पुणेकर इतिहास आणतो आणि नाशिककर पातेलं आणतो. माझ्या सासरच्यांना हे वाक्य मुळीच आवडत नाही, पण ते खोडून काढायला अजून कुणी डोंगरावर आलेलं नाही.

मी पुण्याची. कॉलेजात असताना दर महिन्याला एक गड व्हायचा. स्थळ सांगून आलं तेव्हा वडिलांनी मुलाचा पगार विचारला, आणि मी विचारलं, "तिकडे गड आहेत का?" अरविंदराव म्हणाले, "मोजता येणार नाहीत इतके." ते खरंच होतं. त्यांनी ते कधी मोजले नव्हते, आणि चढायचा तर प्रश्नच नव्हता. सातपूरच्या कारखान्यात पाळी करून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी झोपतो, डोंगर चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाला दोन वर्षं झाली. आमच्या गच्चीवरून रोज डोंगर दिसायचे आणि माझे कॅनव्हासचे बूट पलंगाखाली धूळ खात होते. मला वाटायला लागलं होतं, हे असंच राहणार. मी एक दिवस लठ्ठ होणार, सोमेश्वरला चादर अंथरून बसणार आणि मेनू सांगणार. त्या विचाराने रडू यायचं, खरंच.

म्हणून त्या दिवाळीत मी ठरवलं. कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर घोटीपासून हाकेच्या अंतरावर, आणि घरात एकानेही पाहिलेलं नाही म्हणजे काय? अरविंदरावांना सांगितलं, आईंना विचारा. संध्याकाळी ते हसतच परत आले.

"झालं काम. जा म्हणाली."

"इतक्या सहज?"

"मी सांगितलं, तू देवीला नवस बोलली आहेस. नवस म्हटल्यावर आई अडवत नाही."

"अहो, कसला नवस?"

"ते मी नाही सांगितलं. तिने विचारलंही नाही."

कशाला विचारतील? लग्नाला दोन वर्षं झालेली बाई, पाळणा हललेला नाही आणि ती उठून देवीच्या डोंगराला निघाली. कॉलनीला गणित शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर जिजींनी माझा हात धरला. जिजी म्हणजे शेजारच्या, सटाण्याकडच्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "देवी देस वं माय, धीर धर. मी बी येस तुन्हासंगे." मी घरात येऊन अरविंदरावांकडे जे बघितलं त्याने ते दोन दिवस आपणहून भाजी आणत होते.

मला फक्त चालायचं होतं हो! पण फक्त चालायला जाते म्हटलं की नाशकात लोक विचारतात, "बस चुकली का?"

निघालो चौघं. अरविंदराव, आई, जिजी आणि मी. सामानात स्टोव्ह, पातेलं, पीठ, वांगी, ओटीचा खण, नारळ आणि जिजींची ठेच्याची बरणी. सीबीएसवरून घोटीची एसटी पकडली. घोटीला उतरून भंडारदऱ्याकडे जाणारी गाडी घ्यायची होती. गाडी उभीही होती. पण घोटीत नवा तांदूळ आला होता आणि गिरणीबाहेर तो वास दरवळत होता. जिजी आणि आई वास घेतघेत आत गेल्या, तांदळाचा भाव करून बाहेर आल्या, तेव्हा गाडी गेली होती. पुढची कधी, ते कंट्रोलरलाही ठाऊक नव्हतं. शेवटी जीपमध्ये कोंबून गेलो. माझ्या मांडीवर पातेलं होतं आणि पातेल्यात नवा तांदूळ.

(आता जाणाऱ्यांसाठी: घोटीहून बारीपर्यंत रस्ता चांगला आहे, आणि बारीत घरगुती जेवण मिळतं. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात तर शिडीपाशी रेशनच्या दुकानासारखी रांग असते.)

बारी म्हणजे पायथ्याचं गाव. तिथे ठकूबाईंच्या घरी पडवीत मुक्काम केला. ठकूबाईंनी चुलीवर भात टाकला, आईंनी वांगी चिरली, जिजींनी ठेचा काढला आणि तासाभरात त्या तिघी जन्माच्या ओळखीच्या झाल्या. मी अंगणात उभी राहून शिखराकडे बघत होते.

"नवस हाय व्हय?" ठकूबाईंनी आईंना विचारलं.

"हाय," आई म्हणाल्या.

"आन् ती पोरं?" अंगणापलीकडे मुंबईच्या एका क्लबची मुलं तंबू ठोकत होती. "त्यांचा कसला नवस?"

"त्यांचा नाय काही. ते उगंच चढतात."

"उगंच?" ठकूबाईंनी भाताचं झाकण हातात धरून त्या मुलांकडे बघितलं. "घरी बोलत न्हाईत व्हय कुनी त्यांना?"

मुलांचंही काही कमी नव्हतं. त्यांच्या म्होरक्याने आमच्याकडे येऊन मला समजावलं की वर साखळ्या आहेत, कडा आहे, बायकांनी आणि वयस्कर माणसांनी साखळीच्या खालीच थांबावं. मी किती गड केलेत ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिजींनी त्याला विचारलं, "जेवना का रे भाऊ?" तो भाकरी घेऊन बसला आणि माझं राहूनच गेलं.

सकाळी उजाडताच निघायचं ठरलं. मी पडवीत बसून बूट चढवले. दोन वर्षांनी पाय त्यात गेला तेव्हा इतकं बरं वाटलं! नाडी बांधतेय तोच समोर आईंचे अनवाणी पाय येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"बूट. चढायला."

"नवसाला बूट चालत नाय."

मी अरविंदरावांकडे पाहिलं. त्यांच्या पायात कारखान्याचे जाडजूड बूट होते. नवस त्यांचा नव्हता ना! ज्याने थाप मारली तो बुटात, आणि मी, जिने देवीकडे काहीही मागितलं नव्हतं, अनवाणी. मी बूट काढले आणि सामानाच्या पिशवीत कोंबले. त्या वेळी तिथल्या तिथे बस धरून पुण्याला जावं असं वाटलं होतं, आणि बस असती तर गेलेही असते.

वाटेचं वर्णन काय करू? पिवळं गवत, गार वारा, मागे हळूहळू उघडत जाणारं भंडारदऱ्याचं पाणी. तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. मी मात्र पूर्ण वेळ पायाखालची कुसळं पाहिली. जिजी पहिल्याच टेपाडावर बसल्या. "मन्हा पाय दुखी राह्यनात वं माय," म्हणाल्या, आणि ठेच्याची बरणी सांभाळत खाली गेल्या. अरविंदराव पहिल्या साखळीपर्यंत आले. साखळी धरली, खाली बघितलं, चेहरा पांढराफटक. "मी इथे सामान सांभाळतो," म्हणाले. तिथे सामान म्हणजे एक पिशवी होती आणि ती माझ्या खांद्यावर होती. त्यांनी ती ओढूनच घेतली, बुटांसकट.

मला वाटलं, संपलं. आता आई म्हणणार, "चला, इथूनच हात जोडू." नाशिककर आणखी काय म्हणणार? कळसूबाई वर दिसतेय आणि मी साखळीखालून नारळ दाखवून घरी जाणार, नंतर जन्मभर नळावर बायका विचारणार, "फळला का नवस?"

आईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, ओटी पदरात बांधली आणि साखळीला हात घातला.

मी मागे होते, त्यामुळे मला नीट दिसत होतं. पाऊल ठेवण्याआधी त्या दगड चाचपून बघत. साखळीला लोंबकळत नव्हत्या, नुसता आधार घेत होत्या. दमल्यावर बसत नव्हत्या, उभ्यानेच श्वास घेत. पुण्यात आमच्या कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबात नव्या मुलींना हे शिकवायला वर्ष जायचं. घरात गुडघे दुखतात म्हणून पाट मागणारी बाई ती हीच का?

"आई, तुम्ही आधी कुठे चढलाय?"

"वणीच्या गडाला गेलते, अरूला गोवर आला तवा. ब्रह्मगिरीला, ह्यांच्या नोकरीसाठी. अंजनेरीला थोरलीच्या लग्नासाठी. मंग तिच्या बाळंतपणाला परत वणी." त्या थांबल्या, श्वास घेतला. "एकदा म्हशीसाठी पण गेलते."

"म्हशीसाठी?"

"आटली होती," एवढंच म्हणून त्या पुढे निघाल्या.

वर मुंबईची मुलं आधीच पोचून देवळाला पाठ करून फोटो काढत होती. आम्हाला बघून म्होरक्या उठून उभा राहिला. मला ते फार आवडलं. देऊळ एवढंसं, शेंदूर लावलेली देवी. मी आईंसाठी बाजूला झाले. पण आई देवळात गेल्याच नाहीत. त्या देवळाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेल्या, वाऱ्यात पदर धरून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. किती वेळ! मी त्यांना घरात इतका वेळ रिकामं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तो कोणता?" त्यांनी बोट दाखवलं.

"कुलंग. तो मदन, तो अलंग."

"वर देव हाय का?"

"कुलंगवर? पाण्याची टाकी आहेत. देव मोठा असा नाही."

आई जरा हिरमुसल्या. "आन् तो, पाण्यापल्याड?"

"रतनगड. त्याच्यावर गुहेत देवी आहे."

"हाय?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग मागे वळून त्या देवळात गेल्या. ओटी भरली, नारळ फोडला, माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. आता मला राहवेना. या बाईला नातवाची आशा लावून मी फुकट चढून आले होते.

"आई, तो नवस... खरं म्हणजे मी..."

"फेडलास ना?"

"हो, पण..."

"मंग झालं. नवस कशाचा ते बोलून दाखवायचं नसतं," आई म्हणाल्या आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

साखळीखाली अरविंदराव पिशवीला टेकून झोपले होते. आईंनी त्यांना हलवून उठवलं आणि कडक आवाजात सांगितलं, "अरू, मी वर बोलून बसले रे. पुढल्या साली सुनेला घेऊन रतनगडच्या देवीला यायचं."

"आता कशासाठी?"

"विचारू नको. बाधतं."

सातपूरला परत आलो. नळावर बायका विचारायच्या, मी हसायचे. मुलगी झाली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि जिजींनी त्याचं सगळं श्रेय कळसूबाईला दिलं. मी वाद घातला नाही. वाचक मुलीला उत्तर द्यायचं तर, हो, नेता येईल. आता शिड्या आहेत, वाट मळलेली आहे. मात्र नुसतं "फिरायला" म्हणू नकोस. पुण्यात चालेल, मुंबईत चालेल. नाशकात अजूनही मी "सहज" म्हटलं की लोक काळजीने बघतात. याचा मला आजही वैताग येतो, पण तो निदान आईंवर काढता आला नाही.

कारण घरी आलो त्या संध्याकाळी मी पाय कोमट पाण्यात घालून बसले होते. सासरे पेपरामागून कुरकुरले, "अजून एक नवस? ह्या घरात नवस संपत का नाहीत?" आईंनी ऐकलंच नाही. त्यांनी पिशवीतून माझे कॅनव्हासचे बूट काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि वाळायला खिडकीत ठेवले.

"आई, कशाला? नवसाला बूट चालत नाहीत ना?"

"ह्याला चालतात. मी तसंच बोलले देवीला," आई म्हणाल्या. मग सासऱ्यांच्या पेपराकडे एकदा बघून त्या माझ्याजवळ आल्या, आपलं पाऊल माझ्या बुटाशेजारी ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या मापाचे कुठं मिळतील, बघशील?"