काळी फिल्म

फिल्म सोसायटीत आम्ही दोघं जुना थ्रीडी सिनेमा पाहत होतो. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं रीळ, वेगळा प्रोजेक्टर. मध्येच पडद्यावरची माणसं फाटल्यासारखी दिसू लागली. कपाळ ठणकलं. हिनं चष्मा काढला.

खेळ थांबवून ऑपरेटर म्हणाले, "डावं रीळ कधीतरी तुटलंय. कुणीतरी खराब तुकडा कापून टाकून नुसतं जोडून दिलंय, म्हणून ते उजव्याच्या पुढे पळतंय."

"मग आता?" हिनं विचारलं.

"गेलेल्या तुकड्याएवढी काळी फिल्म जोडतो. तेवढा वेळ एका डोळ्याला अंधार दिसेल, पण पुढे दोन्ही बरोबर चालतील."

दोन डोळ्यांना दिसणारं चित्र वेगळंच असतं, असायलाच हवं. क्षण मात्र दोन्हींचा एकच लागतो.

आमचा मुलगा निखिल गेला, तेव्हा मी ते दिवस कापून असंच नुसतं जोडून घेतलं होतं. तेरावा झाला आणि कामावर गेलो. ही मात्र त्या दिवसांतून सावकाश चालत आली. तेव्हापासून एकाच घरात आम्ही जरा मागेपुढे राहतोय.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. ती जागा आली. डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला आणि मी कितीतरी वर्षांनी निखिलचं नाव घेतलं. पडद्यावरची नजर न काढता हिनं माझा हात धरला.