कन्नडी म्हणजे आरसा

राज्य बदललं तेव्हा आमच्या घरातलं कुणी जागचं हललं नाही. कागदांची भाषा तेवढी उर्दूची कन्नड झाली. भालकीच्या बाजूला एका जुन्या दगडी कचेरीत मी कारकून होतो. शिकलो उर्दूत, घरी मराठी, कन्नड बाजारापुरतं. कन्नडच्या परीक्षेत दोनदा आपटलेलो. आता म्हणे साहेब तपासणीला येणार, माझं कन्नड बघणार आणि मला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. त्याआधी कचेरीच्या माडीवरच्या लोखंडी खिडक्या दुरुस्त करून घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

काच बसवणारे चाचा म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी चौकटीतली काच धरणारी जुनी, दगड झालेली लांबी छिन्नीनं उकरली, गंज घासला, तो पुन्हा धरू नये म्हणून लोखंडाला शेंदूर लावला आणि म्हणाले, "बाबूसाब, आठ आईने मंगा लेव."

आमच्या भागात काचेलाही आईनाच म्हणतात. मी ऐटीत मागणीपत्र कन्नडमध्ये लिहिलं: आठ कन्नडी. कन्नडी म्हणजे आरसा. काचेला गाजु म्हणतात, हे ज्ञान मला आठ आरसे दारात उतरल्यावर झालं.

घरी सांगितलं तर बायको पदर तोंडाला लावून हसली. "खिडक्यांला शेंदूर फासलाव, आता आरसेबी आणलाव. साहेबाची ओटी भरायलाव व्हय?"

तपासणीला चार दिवस होते. आरसे परत पाठवले असते तर परीक्षेआधीच माझा निकाल लागला असता. चाचा म्हणाले, "मागचा पारा खुरच के निकाल देंगे. सादा आईना रह जाता." पण त्यांची एक अट होती. खरवडताना आरशाच्या तोंडावर फडकं बांधायचं. "अपना मूँ मिटता देखना नईं."

सात आरसे फडकं बांधून झाले. आठव्याला मात्र, मी शिकलेला माणूस ना, फडकं सोडलं आणि समोर मांडी घालून बसलो. चाचा पलीकडून विटकरीच्या भुकटीनं घासत होते. आधी माझं कपाळ गेलं. तिथं चाचांचा सदरा दिसायला लागला. मग एक डोळा गेला. उरलेला माझ्याकडं असा बघत होता, की जणू जाणारा मीच, तो राहणारा. शेवटी नुसती मिशी उरली, अधांतरी. तीही गेली आणि तिच्या जागी चाचांचा चेहरा आला. ते हसत नव्हते.

"देख लिये ना?" एवढंच म्हणाले. ती काच त्यांनी माझ्या टेबलाजवळच्या खिडकीत बसवली.

साहेब आले ते सकाळी अकराला, लख्ख उन्हात. खिडक्यांवरून हात फिरवत फिरवत त्या आठव्या खिडकीशी थांबले. मला विचारलं, "होरग यार निंतार?" म्हणजे, बाहेर कोण उभंय?

माडीच्या त्या बाजूला सज्जा नव्हता. खिडकीखाली सरळ उतरलेली भिंत, तळाशी विहीर. मी मागं दाराशी होतो. खिडकीकडं न बघता म्हणालो, "यारू इल्ल्री, साहेब." कुणी नाही.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "मिशीवाला होता," ते कन्नडमध्ये पुटपुटले, "तुमच्यासारखाच." मग माझ्याकडं वळले आणि एकदम मोकळं हसले. "येतं की तुम्हाला कन्नड! उच्चार तर अगदी इथलाच." तिथंच, माझ्याच टेबलावर, त्यांनी मला कायम केल्याचा शेरा लिहिला.

बायकोनं गल्लीत पेढे वाटले. मी दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन टेबल फिरवलं. पुढं चौदा वर्षं त्याच खोलीत, त्या खिडकीकडं पाठ करून बसलो. हा माणूस कामातनं कधी बाहेर बघत नाही, असा माझा लौकिक पसरला. बदलीचा अर्ज तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: असा कर्मचारी या जागेवरून हलवता येणार नाही.